न्या. रानडे आणि जमिनीची खरेदी-विक्री

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद व मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष ह्या गोष्टींची आठवण होते. त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध मात्र परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणी उघडीत नाही. आणि विद्यार्थीही त्यांतील १८९२ सालचे डेक्कन कॉलेजातील प्रसिद्ध व्याख्यान तेवढे वाचून पुस्तक मिटतात. त्याच संग्रहात जमीनविक्रीच्या कायद्यावरील १८८० सालचा एक निबंध आहे. आमच्या मते रानड्यांच्या बुद्धीचे सामर्थ्य व तिची मर्यादा ही दोन्ही इतक्या स्पष्टपणे त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही लेखात एकत्र दिसत नाहीत.

ह्या निबंधाकडे आज पुन्हा वळण्यास एक कारणही घडले आहे. १९८९ नंतर पूर्व युरोपात, पुढे रशियात, आणि निराळ्या रीतीने व्हिएतनामात, सरकारी किंवा सामुदायिक मालकीची जमीन व्यक्तीच्या नावे करून देण्याचा प्रचंड उद्योग झाला. जमिनीस बाजार नव्हता तेथे बाजार निर्माण करावयाचा. नकाशे काढावयाचे, नोंदणी-कचेऱ्या उघडावयाच्या, पट्टे वाटावयाचे. मग जमीन विकली जाईल, गहाण पडेल, तिच्यावर भांडवल उभे राहील, असा ह्या उद्योगामागील विचार होता. जगातील मोठमोठ्या बँकांनी त्यावर ग्रंथांचे ढीग रचले. त्या ढिगात सातारा जिल्ह्याचा उल्लेख सापडला तर आम्हास आश्चर्यच वाटेल. परंतु हाच प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशावर होऊन गेला, आणि त्याचे फळ डोळ्यांपुढे दिसत असता रानडे लिहीत होते. १८८३ साली त्यांनी रशियातील भूदासांच्या मुक्ततेवर आणि प्रशियाच्या जमीनविषयक कायद्यांवर स्वतंत्र लेख लिहिले, ह्यावरून त्यांची नजर किती दूरवर होती हे कळून येते. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात दख्खनच्या कुणब्याचा प्रश्न रशियाच्या मुजिकाशेजारी ठेवून पाहणारा हा पहिलाच मनुष्य असावा.

निबंधाची भाषा न्यायाधीशाच्या निकालपत्राची आहे. ती सावकाश चालते व कोणावर रागावत नाही. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे: प्राचीन समाजांत कर्जापायी जमीन विकली जात नसे, युरोपातील राष्ट्रांतही ही मुभा हळूहळू, शतकाशतकांनी मिळाली. हिंदुस्थानात मात्र ती एका पिढीत, कायद्याच्या एका फटक्यासरशी आली, आणि म्हणून तिचे परिणाम इतके दुःसह झाले. येथपर्यंत आम्ही सर्वस्वी त्यांच्याबरोबर आहोत. पण पुढे रानडे म्हणतात की, हा काळ संक्रमणाचा आहे. अर्धवट सरंजामी व्यवस्थेतून समाज व्यापारी व्यवस्थेत जात आहे. आणि अशा वेळी मालमत्ता अज्ञ, अदूरदर्शी लोकांच्या हातून निसटून बुद्धिमान, दूरदर्शी व काटकसरी वर्गाकडे जाणे अटळ आहे. कायद्याने ही गती मंद करावी, तिची धार बोथट करावी. ती थांबविता येणार नाही.

हे विधान तपासून पाहण्यास कोरेगावसारखा तालुका बरा. साताऱ्याच्या पूर्वेस वसना नदीकाठी हे गाव आहे. १८१८ नंतर हा मुलूख काही काळ प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात होता आणि १८४८ साली ते राज्य डलहौसीने खालसा केल्यावर इंग्रजी अमलात आला. तोपर्यंत येथील जमिनीचा मुख्य भेद मिरासी व उपरी हा होता. मिरासदार परागंदा झाला, दुष्काळात देशोधडीस लागला, तरी त्याचा हक्क बुडत नसे; वर्षानुवर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा परतला तर आपले थळ मागू शके. मिरास विकली जात नसे असे मात्र नव्हे. जुनी मिरासपत्रे पाहावीत. त्यांत किंमत आहे, चतुःसीमा आहे, आणि खाली पाटील-कुळकर्णी, शेजारी, बलुतेदार यांच्या साक्षी आहेत. म्हणजे पेशवाईत जमिनीस बाजार नव्हता हे म्हणणे खोटे आहे. बाजार होता, पण तो गावाच्या चावडीत भरत असे, आणि विकणारा, घेणारा व साक्षीदार हे तिघेही दुसऱ्या दिवशी एकाच पाणवठ्यावर भेटणार असत. ह्या गोष्टीस रानड्यांनी आपल्या निबंधात द्यावयास पाहिजे होते तितके महत्त्व दिलेले नाही. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहावयास बसणारा पंडित येथे कागदपत्रांपेक्षा युरोपातील उदाहरणांकडे अधिक पाहतो, हे नवल होय.

विंगेट व गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुराकडून जी मोजणी सुरू केली ती क्रमाने साताऱ्यासही आली. तिने काय केले? प्रत्येक शेतास क्रमांक दिला, त्याचा नकाशा काढला, तीस वर्षांसाठी सारा ठरविला, आणि त्या क्रमांकापुढे एकाच खातेदाराचे नाव लिहिले. त्या खातेदाराने सारा भरावा, मग जमीन विकावी, गहाण टाकावी की राजीनामा देऊन सोडावी हा त्याचा प्रश्न. कुणब्यास हे वरदानच दिले असे त्या अधिकाऱ्यांस मनापासून वाटत होते, आणि आकारणी हलकी झाली तेथे आरंभी ते वरदान ठरलेही. पण त्याच सुमारास आणखी चार गोष्टी जुळून आल्या. १८५५ साली व्याजावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. म्हणजे दर तीन वर्षांनी मुद्दलात व्याज मिळवून नवा रोखा लिहून घेणे सावकारास भाग पडले आणि ते त्याच्या सोयीचेही झाले. जुन्या दामदुप्पटीच्या नियमास ह्या युक्तीने सहज वळसा घालता येई, कारण नव्या रोख्यात कालचे व्याज आजचे मुद्दल होऊन बसे. दिवाणी न्यायालये तालुक्याच्या गावी आली आणि हुकूमनाम्याखाली जमिनीचा लिलाव होऊ लागला. अखेरीस १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळे कापसास अतोनात भाव येऊन पत वाढली, व युद्ध संपताच तो भाव कोसळला. वाढलेले कर्ज मात्र कोसळले नाही.

आता रानड्यांचा 'काटकसरी वर्ग' पाहू. ज्याच्या हाती जमीन गेली तो कुणब्याहून खरोखर अधिक मितव्ययी होता काय? असेलही. पण जमीन त्याच्याकडे गेली ती मितव्ययामुळे नव्हे. ज्या समाजात शंभरांत पाच माणसांस वाचता येत नाही तेथे लेखी रोखा हाच शेवटचा पुरावा ठरविला की, जो वाचतो तो जिंकतो. ह्यात दूरदृष्टीचा संबंध कोठे आला? दोन पैलवानांपैकी एकाचे डोळे बांधावे आणि मग दुसऱ्याच्या पेचांची तारीफ करावी, तसा हा न्याय झाला. रानडे स्वतः ह्याच काळात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसत होते. असे रोखे त्यांच्यापुढे रोज येत असतील. असे असता त्यांनी ह्या साध्या गोष्टीस निसर्गनियमाचे रूप द्यावे, ह्याचे कारण आम्हास त्यांच्या वाचनात दिसते. इंग्रजी अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धांत हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू नाहीत हे पुढे ठासून सांगणारा हा पुरुष. पण १८८० मध्ये ते सिद्धांत अजून त्याच्या लेखणीतून पुरते उतरलेले नव्हते.

दुसरे असे की, जमीन हातची गेली म्हणजे ती नव्या, अधिक कुशल हातांत गेली असे रानडे गृहीत धरतात. प्रत्यक्षात सावकार नांगर धरीत नसे. दंग्यांच्या चौकशी-समितीस असे आढळले की, पुष्कळ ठिकाणी सरकारी खात्यावर नाव कुणब्याचेच राही, तोच शेत कसत असे, साराही त्याच्याच नावे जमा होई. फक्त पीक खळ्यावरून दुसऱ्याच्या घरी जाई. जमीन विकली गेली, पण तिच्यावर ना विहीर झाली, ना ताल पडली, ना बैल बदलले. नवा बाजार आला खरा. त्याने जमिनीचे उत्पन्न वाढविले नाही, केवळ त्या उत्पन्नाचा धनी बदलला.

१२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुप्याच्या बाजारात दंगा झाला, आणि मग पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत त्याचे लोण पसरले. सातारा जिल्ह्यात त्या साली सप्टेंबरात कुकरूड येथे तसाच प्रकार घडला; ते गाव आता सांगली जिल्ह्यात मोडते. ह्या दंग्यांतील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांस जीव घ्यावयाचे नव्हते. त्यांस कागद हवे होते. सावकाराने रोखे काढून दिले की बहुधा जमाव शांत होई. न दिले तर घरास आग. अडाणी म्हणून ज्यांची संभावना झाली त्या लोकांनी संपूर्ण व्यवस्थेचे मर्म अचूक ओळखले होते.

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला व तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लावला. त्यात न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा होती. कर्जासाठी शेतकऱ्यास कैद होईनाशी झाली. आणि स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्याखाली त्याची जमीन विकता येईनाशी झाली. ह्या कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम पुढे खुद्द रानड्यांनीच पाहिले. कायदा चांगला होता. सावकाराने त्यावर तोड काढली तीही आपल्या लोकांस ठाऊक आहे: गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यावयाचे, आणि पैसे परत दिल्यास जमीन सोडण्याचे वचन तोंडी ठेवावयाचे. 'मुदतखरेदी' हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीत ज्या सुरात उच्चारला जाई त्या सुरात आजही तो खेड्यापाड्यांतून ऐकू येतो.

ह्याच वर्षांत, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, म्हणजे कोरेगावच्या शेजारचे. तेव्हा ह्या मुलखाचा त्या ग्रंथावर काही हक्क आहेच. रानड्यांच्या निबंधात जे नाही ते सर्व येथे आहे: घराचे छप्पर, आजारी मूल, कचेरीच्या ओट्यावर ताटकळणारा कुणबी. आणि जे रानड्यांत आहे ते येथे नाही. फुले दोष माणसांवर, त्यातही विशेषतः भट-कामगारांवर ठेवतात. दंग्यांचा रोख मात्र मुख्यतः बाहेरून आलेल्या गुजर-मारवाडी सावकारांवर होता, आणि लेखणी कोणत्याही जातीच्या हाती असती तरी त्या कायद्यांत तिने हेच केले असते. तथापि अक्षरओळख व जमीन यांचा संबंध फुल्यांनी जितका स्वच्छ पाहिला तितका रानड्यांनी पाहिला नाही. ह्या दोघांची पुस्तके एका फळीवर ठेवण्याची चाल आपल्याकडे नाही. ती पडावी.

आता अलीकडचा एक ग्रंथकार घेऊ. पेरू देशाच्या एर्नांदो दे सोतो यांचे 'द मिस्टरी ऑफ कॅपिटल' हे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले व जगभर गाजले. गरिबांपाशी घरे आहेत, जमिनी आहेत, पण कायदेशीर कागद नाहीत. म्हणून ती संपत्ती मृतवत पडली आहे. कागद द्या म्हणजे ती सजीव भांडवल होईल, हा त्यांचा सिद्धांत. ह्या मृत भांडवलाची किंमत त्यांनी ९.३ लक्ष कोटी डॉलर इतकी सांगितली आहे. पुस्तक मोठ्या खुबीने लिहिलेले आहे. बालीच्या भातखाचरांतून चालताना एका शेताची हद्द संपून दुसऱ्याची लागली की निराळे कुत्रे भुंकू लागे, म्हणजे कायद्यास जे ठाऊक नाही ते कुत्र्यांस ठाऊक आहे, हा त्यांतील प्रसंग कोणीही वाचक विसरणार नाही. आपल्याकडे हे काम बांध करतो. भांडणेही तोच लावतो.

परंतु दे सोतो यांस विचारावेसे वाटते की, साताऱ्याच्या कुणब्यास कागद नव्हता काय? मोजणी झाली, नकाशा झाला, नाव लागले, आकार ठरला. त्यांच्या सिद्धांतास जे जे पाहिजे ते सारे त्यास पणजोबांच्या काळीच मिळाले होते. त्याची जमीन भांडवल झालीही. फक्त ते सावकाराचे झाले. हक्काचा कागद हा दुधारी आहे: ज्या कागदाने जमीन आपली ठरते त्याच कागदाने ती जाऊ शकते. कर्ज कोण देतो, कोणत्या दराने, आणि पीक बुडाले त्या वर्षी तो काय करतो, ह्यावर त्या कागदाचे पुढचे चरित्र अवलंबून असते. दे सोतो यांच्या स्वतःच्या देशात लक्षावधी पट्टे वाटल्यावर खाजगी बँकांकडून गरिबांस मिळणारे कर्ज अपेक्षेइतके वाढले नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. तेथे निदान कर्ज मिळालेच नाही. आमच्याकडे ते मागण्याआधी दारात उभे होते.

पूर्व युरोपातील अनुभव तर रानड्यांनी वाचला असता तर त्यांस ओळखीचा वाटला असता. रुमानियाने १९९१ च्या कायद्याने कुटुंबास दहा हेक्टरांपर्यंत जुनी जमीन परत दिली. परिणामी देशभर लहान लहान तुकडे झाले. आल्बेनियाने त्याच वर्षी सामुदायिक शेते माणशी वाटण्याचे ठरविले, पण डोंगराळ भागातील गावांनी कायदा बाजूस सारून बापजाद्यांच्या सीमांप्रमाणेच वाटणी केली. आमचे थळकरी तेथे असते तर त्यांनी दुसरे काय केले असते? रशियात सामुदायिक शेतांच्या सभासदांस हिश्शांची प्रमाणपत्रे मिळाली. पण आपला हिस्सा नेमका कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत हे बहुतेकांस ठाऊक नव्हते, आणि त्यांनी तो जुन्याच संस्थेस खंडाने देऊन टाकला. शेतजमिनीच्या विक्रीचा सर्वसाधारण कायदा तेथे २००२ साली झाला. व्हिएतनामने निराळा मार्ग धरला: मालकी देशाचीच ठेवून १९९३ च्या कायद्याने वापराचा हक्क विकण्याची, गहाण ठेवण्याची, वारसास देण्याची मुभा दिली. मालकी एकाची व उपभोग दुसऱ्याचा, हा प्रकार मिरासीच्या देशास अपरिचित नव्हे.

आणि रशियन सभासदाच्या त्या हिश्शास हसण्याचे आपणास कारण नाही. पुण्यामुंबईत राहणाऱ्या, ज्यांचे आजोबा कोरेगाव, रहिमतपूर किंवा पिंपोडे ह्या बाजूचे, अशा आपल्या वाचकांपैकी किती जणांस आपल्या सातबाऱ्यावरील सामाईक खात्यात आपले क्षेत्र जमिनीवर नेमके कोठे पडते हे सांगता येईल? नाव लागलेले असते, आणेवारी लिहिलेली असते; शेत चुलतभाऊ कसतो आणि दिवाळीला घेवड्याची पिशवी येते. वाघ्या घेवडा ह्या तालुक्याचा प्रसिद्ध आहे, तेव्हा पिशवी वाईट नसते. पण चुलतभावास त्या शेतात विहीर काढण्यासाठी कर्ज हवे झाले तर नऊ सह्या लागतात, त्यांतल्या दोन परदेशात असतात, आणि बहिणींची हक्कसोड झालेली नसते. किंवा झालेली असते आणि त्यावरून माहेर तुटलेले असते. २००५ च्या दुरुस्तीने, आणि महाराष्ट्रात त्याआधी १९९४ पासूनच, मुलीस वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीने हक्क आहे. हा हक्क रक्षाबंधनाच्या सुमारास सोडून देण्याची आपल्या सुशिक्षित घरांतील चाल रानड्यांच्या 'दूरदर्शी वर्गा'स शोभते काय, हे ज्याने त्याने पाहावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत खेडोपाडीच्या शेतकऱ्यांस पत्नीच्या नावे जमीन करून देण्यास सांगितले, आणि अनेकांनी ती करून दिली. सुशिक्षितांचे नाव त्यात फारसे ऐकू आले नाही.

तुकड्यांचे दुखणे जुनेच आहे. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागरच्या पाहणीत सरासरी धारणा १७७१ मधील ४० एकरांवरून १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आल्याचे दाखविले होते. त्या गावी आता एकरांचा हिशेब कोणी विचारीत नाही. तेथे इमारती उभ्या आहेत व भाव चौरस फुटाचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने विक्रीस किमान क्षेत्र घातले; २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीस २० व बागायतीस १० गुंठे इतके खाली आणावे लागले. कायदा बांधापुढे हरला.

रानड्यांचे भाकीत खरे ठरले काय? काही दशके ठरले. मग १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ मालक मानले गेले, आणि काटकसरी वर्गाकडे गेलेली पुष्कळ जमीन कायद्याच्या एका कलमाने परत फिरली. त्याच कायद्याने बिनशेतकऱ्यास शेतजमीन विकत घेण्यासही अटकाव केला. बाजाराने नेलेले राज्याने परत आणले. अटळ गती अशी एका विधेयकापुढे थबकते, म्हणजे ती अटळ नव्हती. २००२ साली बँकांना न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार देणारा मध्यवर्ती कायदा झाला, त्यातूनही शेतजमीन वगळलेली आहे. १८७९ च्या कायद्याचा आशय सव्वाशे वर्षांनी असा पुन्हा डोके वर काढतो. कारखान्यास मात्र ते कवच नाही: कोरेगाव तालुक्यातील चिमणगावचा जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना २०१० साली ह्याच कायद्याखाली थकलेल्या कर्जापायी लिलावात विकला गेला. शेत वाचते आणि शेतकऱ्यांनी मिळून उभारलेली संस्था हातची जाते, हा प्रकार रानड्यांस कळला असता तर त्यांनी त्यावर निश्चित निबंध लिहिला असता.

कारण रानडे १८८० वर थांबले नाहीत, आणि हे त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगितले पाहिजे. १८९१ साली औद्योगिक परिषदेपुढे त्यांनी स्थावर तारणावरील पतव्यवस्थेच्या पुनर्घटनेवर लेख वाचला. त्यात युरोपातील जमीन-गहाण बँकांची हकीगत आहे आणि सरकारने अशा बँकांस हात द्यावा अशी मागणी आहे. येथे कुणब्याच्या दूरदृष्टीची चौकशी नाही. चौकशी आहे ती त्यास पैसा कोण व कसा देतो ह्याची. अकरा वर्षांत लेखकाने प्रश्नच बदलून घेतला, आणि योग्य तो प्रश्न हाच होता. पुढे सहकारी पतपेढ्या झाल्या, भूविकास बँका झाल्या, त्यांतील भूविकास बँका अवसायनातही निघाल्या; तो इतिहास निराळ्या लेखाचा विषय आहे. ज्यांस हा संग्रह प्रथमच हाती घ्यावयाचा आहे त्यांनी १८९१ चा लेख आधी वाचावा व १८८० चा मागाहून. म्हणजे पहिल्यातील उणिवा लेखकास स्वतःसच दिसू लागल्या होत्या हे ध्यानात राहील. दोन्हींचे सटीप मराठी भाषांतर एका पुस्तकात निघाले आणि त्यास जुनी मिरासपत्रे परिशिष्ट म्हणून जोडली, तर ते आम्ही आनंदाने विकत घेऊ.